मुलांना ऋतू कसे शिकवावेत?

(वर्षावास कार्यक्रमात केलेले भाषण)



ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट. त्या दिवसांत शेजारच्या एका लहान मुलीने मला विचारले, "काका, नदी का रागावली?" कोणा मोठ्या माणसानेच तिला तसे सांगितले होते. मी "झोप आता" एवढेच म्हणालो. ते राहिलेले उत्तर आज देतो.

बालवाडीच्या इंग्रजी पुस्तकांत चार ऋतूंची चित्रे असतात. हिवाळ्यात बर्फ, शरदात लाल पाने. युरोपातील मुलाला ते खरे आहे. पण आपल्या मुलाने बर्फ पाहिलेला नसतो, आणि ज्या पावसाने त्याची शाळा बंद पडते त्या पावसाळ्याला त्या चित्रांत जागाच नसते. आपले मुख्य ऋतू तीन, परंपरेने दोन-दोन महिन्यांचे सहा. मुलाला जे डोळ्यांनी दिसते ते आधी शिकवावे, चार ऋतू मागाहून.

त्यासाठी खर्च लागत नाही. सरळ बाजूंची काचेची बरणी उघड्यावर ठेवा. रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजून मुलालाच कॅलेंडरवर लिहू द्या. अंगणात काठी रोवून भर दुपारची सावली दाखवा. डिसेंबरात ती लांब पडते, मे महिन्यात जवळजवळ नाहीशी होते. मग चेंडू कलता धरून पृथ्वीचा आस सांगता येतो.

पावसाचेही तसेच. समुद्रावरचे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. म्हणून गगनबावड्याला धो धो पाऊस आणि शिरोळला कमी. तरी शिरोळला पूर येतो, कारण वरचे पाणी खाली वाहत येते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी पंचगंगेत एकदमच आले, की ते पात्रात मावत नाही. नदी रागावत नाही, बाळांनो!

आपला वर्षावासही ऋतूमुळेच आला. पावसाळ्यात भिक्खू फिरले की कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जात. लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला. त्यामागे कोणाचा कोप नव्हता, कारण होते. प्रत्येक घटनेला कारण असते, हीच शिकवण बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात ठळकपणे मांडली आहे. आपण आषाढी पौर्णिमेपासून विहारात तो ग्रंथ वाचतो, आणि घरी मुलाला मात्र कोपाची भीती घालतो. हे थांबले पाहिजे.

माझी एकच विनंती आहे. पुढील वर्षावासात विहाराच्या अंगणात एक बरणी ठेवू या. तिची नोंद मुलांनी ठेवावी आणि अश्विन पौर्णिमेला सर्वांना वाचून दाखवावी.

जयभीम!