वार्तापत्राचं बिऱ्हाड हलवताना

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी पत्रकार केसी न्यूटन यांनी ‘प्लॅटफॉर्मर’ हे आपलं ईमेल वार्तापत्र सबस्टॅक या वार्तापत्रांच्या मंचावरून घोस्ट या दुसऱ्या मंचावर नेलं. नाझी विचारांच्या वार्तापत्रांना सबस्टॅक थारा देतं, यावरून खटका उडाला होता. हिशेबातही फरक आहेच. सबस्टॅक वर्गणीतले १० टक्के कापून घेतं, तर घोस्टचं शुल्क ठरावीक असतं.

अशा स्थलांतरात वाचकांना पुन्हा नाव नोंदवावं लागत नाही. पत्त्यांची यादी साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येते. शिवाय वर्गणी स्ट्राइप या ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवेवरच्या लेखकाच्या स्वतःच्या खात्यात येते, म्हणून कार्डाचा तपशीलही पुन्हा मागायला नको.

खरी मेख आहे ती पत्र पोचण्यात. नवा सर्व्हर जीमेलच्या ओळखीचा नसतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त पत्रं धाडणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही ओळखपत्रं आपल्या डोमेनवर लावावीच लागतात. एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोयही हवी. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. म्हणजे हजारात तिघं चिडले तरी पंचाईत! म्हणून वर्षानुवर्षं पत्र न उघडणारे पत्ते मागेच ठेवावेत. नाव काढून घेतलेल्यांची यादी मात्र न विसरता न्यावी. सोडून गेलेल्याला पुन्हा पत्र धाडणं हा माझ्या मते उद्धटपणाच. आणि नव्या ठिकाणचा पहिला अंक आधी नेमानं वाचणाऱ्या थोड्यांनाच पाठवावा, बाकीच्यांना टप्प्याटप्प्यानं.