कुत्र्यामागे अडीच शिलिंग

कुत्रा पाळणे ही वरकरणी ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट. पण घराबाहेर पाऊल टाकताच तोच कुत्रा गावाचा विषय होतो आणि गावचे कारभारी वही उघडून बसतात: कुत्रा कोणाचा, त्याची नोंद झाली आहे काय, फी भरली आहे काय? ही वही दिसावयास अगदी निरुपद्रवी. तरी न्यूझीलंडच्या उत्तर भागात तिच्यापायी एकदा बंदुका बाहेर निघाल्या होत्या.

१८८० साली त्या देशात कुत्र्यांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि फी वसूल करण्याचे काम स्थानिक संस्थांकडे आले. मोकाट कुत्री मेंढ्यांवर तुटून पडत, आणि मेंढी हे तर गोऱ्या वसाहतवाल्यांचे मोठे धन. पुढे होकिआंगा भागात दर कुत्र्यामागे अडीच शिलिंग कर आला. मेंढ्यांचे कळप बाळगणाऱ्याला ही रक्कम जड नव्हती. माओरी कुटुंबाची गोष्ट निराळी. त्याच्या दारची कुत्री शोभेची नसत. ती रानडुकरांच्या मागावर जात, म्हणजे चुलीवरच्या मांसाशीच त्यांचा संबंध होता. शिकारीला एक कुत्रा पुरत नाही, आणि रोख पैसा तर हाती क्वचितच येई. त्यातच जमिनीवरचे कर आणि पाखरे मारण्यावरचे निर्बंध यांची भर पडली होती. या पैशाच्या बदल्यात आपल्याला काय मिळते, हा त्यांचा प्रश्न मुळीच गैर नव्हता.

वाइमा येथील होने तोइआ हा त्यांचा पुढारी. आज कुत्र्यावर कर बसला, उद्या तो माणसावर बसेल, असे त्याचे म्हणणे. १८९८च्या मे महिन्याच्या आरंभी सशस्त्र माओरी रावेने गावात आले, तेव्हा तेथील बहुतेक गोऱ्यांनी गाव सोडले. मुख्य प्रधान सेडन यांच्या सरकारने कर्नल न्यूऑल यांच्या हाताखाली सुमारे १२० सैनिक धाडले. ते वाइमाच्या वाटेला लागले. वाटेवरील रानात माओरी दबा धरून होते. गोळ्या झाडल्या गेल्या, पण सैनिकांच्या डोक्यांवरून. अशा वेळी संसदेतील माओरी सभासद होने हेके न्गापुआ यांचा निरोप पोहोचला आणि लढाई थांबली. एकही माणूस न मरता प्रकरण मिटले. त्याला इतिहासात ‘कुत्र्याच्या कराचे युद्ध’ असे भारदस्त नाव मिळाले, ते जरा अधिकच म्हणावे लागेल. तोइआ व त्याचे चार साथी यांना मात्र अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

वही काही मिटली नाही. १९९६च्या श्वान-नियंत्रण कायद्यानुसार आजही तेथे तीन महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्याची नोंद करावी लागते. नोंदणीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि नोंद चुकविणाऱ्याला ३०० डॉलर दंड होतो. फीचा आकडा देशभर एक नाही. प्रत्येक स्थानिक संस्था ठराव करून तो ठरविते आणि नसबंदी केलेल्या किंवा कामाच्या कुत्र्यासाठी तो कमीही ठेवू शकते. २००६पासून प्रथम नोंद होणाऱ्या कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिपही बसवावी लागते. शेतावर कळप हाकणाऱ्या कुत्र्याला मात्र तीतून सूट आहे. १८९८च्या प्रश्नाला कायद्याने आता उत्तर दिले आहे: फीचा पैसा कुत्र्यांच्या बंदोबस्तावरच खर्च व्हावयास हवा, आणि त्या कामाचा वार्षिक अहवाल संस्थेने प्रसिद्ध करावयास हवा.

उत्तर पुरते मिळाले, असे मात्र नव्हे. कामाचा कुत्रा कोणता, हे कायद्यात सांगितलेले आहे. आंधळ्याला वाट दाखविणारा, पोलिसांचा, मेंढ्या वळणारा हे सारे त्यात आले. रानडुकरांच्या मागावर जाणाऱ्या कुत्र्याचे नाव तेथे नाही. त्याला त्या वर्गात घ्यावयाचे की नाही, हे ज्या त्या भागातील संस्थेच्या ठरावावर सोडलेले आहे.