वाट लिहून ठेवा



एका निवृत्त ग्रामसेवकाला तुम्ही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद दिलेत, त्याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. रस्ता झाला, नळ आला, दिवा लागला की आपल्या कामाची दखल घेतली जाते. त्याआधी इतिवृत्तात उमटलेल्या चार ओळींकडे कुणाचे लक्ष जात नाही. आज मला त्या चार ओळींविषयीच बोलायचे आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गावाची स्मशानाकडे जाणारी वाट एका शेतातून होती. शेताचे मालक वयोवृद्ध, दिलदार. त्यांनी मासिक सभेत तोंडी संमती दिली आणि मी लिहिले, ‘स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता करण्यात यावा. सर्वानुमते मंजूर.’ गट नंबर नाही, रुंदी नाही, मालकांची सही नाही. पुढे ते वारले, जमिनीच्या वाटण्या झाल्या आणि ऐन पावसाळ्यात वाटेवर काटेरी कुंपण आले. त्याच आठवड्यात गावात एक मयत झाली. तिरडी ओढ्याच्या पाण्यातून न्यावी लागली. मी ठराव घेऊन मालकांच्या मुलांकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि विचारले, ‘‘भाऊसाहेब, यात आमचं शेत कुठं आहे?’’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

कायद्यात वाटेला आधार नाही असे नाही. 1882च्या सुविधाधिकार कायद्यानुसार 20 वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून केलेल्या वहिवाटीने हक्क पक्का होतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत 30 वर्षांची आहे. 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार वाटेतला अडथळा दूर करू शकतात, पण दाद सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. गाव मात्र ‘समजावून सांगू, ऐकतील’ म्हणत थांबते आणि मुदत निघून जाते. शिवाय पुरावा लागतोच, आणि पुराव्याचा कागद आपल्याच कपाटात असायला हवा.

कायदा स्वतः किती नेमका बोलतो ते पाहा. दुसऱ्याच्या शेतातून पाणी नेण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या कलम 49 मध्ये आहे. तिथे पाटाची रुंदी दीड मीटरच्या आत आणि पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर अशी मापे दिली आहेत. आपल्या ठरावांत मात्र ‘सोयीप्रमाणे’ हा शब्द असतो. ही सोय कुणाची, हे पुढची पिढी ज्याच्या त्याच्या परीने ठरवते.

आज हा प्रश्न शेतरस्त्यापुरता राहिलेला नाही. 2019 पासून जलजीवन मिशनच्या वाहिन्या गल्लोगल्ली गेल्या. विजेचे खांब, इंटरनेटची केबल यांनाही त्याच गल्लीतून जागा हवी असते. आज काँक्रीट झालेला रस्ता उद्या पाइपासाठी फोडला जातो, आणि चर बुजवायचा कुणी, यावर वर्षभर पत्रव्यवहार चालतो. आपण वाहिनी टाकायला परवानगी देतो तेव्हा वापराचा हक्क देतो, जागा देत नाही. म्हणून कोणत्या बाजूने, किती खोल, रस्ता पूर्ववत कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि अनामत किती, हे सारे ठरावातच आले पाहिजे.

बंधू-भगिनींनो, ठरावाची ताकद आणि त्याची मर्यादा महाडने आपल्याला दाखवली आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि त्या ठरावात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. विरोधक कोर्टात गेले. त्यांचा आधार होता जुन्या वहिवाटीचा! ती वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही आणि मार्च 1937 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

वहिवाट वाट उघडते, तशी ती बंदही करू शकते, हे महाडने शिकवले. म्हणून ‘पूर्वापार चालत आले आहे’ एवढ्यावर आपण कधीही थांबता कामा नये. ती वाट कुणाला मोकळी आहे आणि कुणाला नाही, हे ग्रामसभेत सर्वांसमोर विचारले पाहिजे, आणि ती सर्वांची आहे असे लिहिले पाहिजे. लिहिलेले अमलातही आणले पाहिजे.

माझ्या त्या गावाची हकीकत अपुरी ठेवत नाही. त्या मुलांशी पुन्हा बोलणे झाले, मोजणी झाली, लेखी संमती घेतली आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात रस्त्याची नोंद झाली. ती मुले वाईट नव्हती. मी त्यांच्या हाती अर्धवट कागद दिला होता.

परिषदेहून परत गेलात की एवढेच करा. नमुना 23, म्हणजे रस्त्यांची नोंदवही, उघडा. गावातली प्रत्येक वाट तिच्यात लांबी-रुंदीसह आहे का, ते पाहा. जी सापडणार नाही, ती दाखवू शकणारी म्हातारी माणसे अजून पारावर बसलेली असतील. त्यांना बरोबर घ्या, त्या वाटेने एकदा चालत जा आणि ती माणसे आहेत तोवर ती वाट लिहून ठेवा.