दोन तारा, एक वाट
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहासंबंधी एक लहानसा ठराव कार्यकारी मंडळापुढे आहे. मुख्य इमारत व अभ्यासिका यांस जोडणाऱ्या संगणकजाळ्याच्या तारेच्या जोडीला दुसरी तार घालावी आणि दोहोंकडील स्विच बदलावेत, असा तो ठराव. ‘एक तार चालत असता दुसरीवर खर्च कशासाठी?’ असे काही वडीलधाऱ्यांनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, आमचे आयुष्य मुलांना अंकगणित शिकविण्यात गेलेले. तथापि जाणत्यांकडून जेवढे समजावून घेतले, तेवढे आपल्यापुढे मांडतो.

२०२४ च्या पावसाळ्यात चर खणताना कुदळीचा घाव बसून ती तार तुटली. दोन दिवस अभ्यासिकेतील संगणक मुके झाले आणि एका विद्यार्थ्याची महाविद्यालयांचे पसंतिक्रम भरण्याची मुदत हुकली. पुढे एका कारागिराने सद्हेतूनेच तुटलेली तार सांधली आणि जोडीला दुसरी ओढून दोन्ही स्विचांत खोचली. तो काय, सारे जाळेच ठप्प झाले! शेवटी दुसरी तार उपटून काढावी लागली. ‘दोन तारा नकोत’ हे मत या अनुभवातून आले आहे.

असे का व्हावे? स्विच म्हणजे माहितीच्या तुकड्यांची, ज्यांस फ्रेम म्हणतात त्यांची, पत्ता पाहून पाठवणी करणारी पेटी. सर्वांसाठी असलेली फ्रेम आली की जिकडून आली ती वाट सोडून बाकीच्या सर्व वाटांनी ती पेटी तिला धाडते. दोन स्विचांमध्ये दोन सुट्या वाटा असल्या म्हणजे एकीने गेलेली फ्रेम दुसरीने परत येते, आणि पुन्हा जाते. तिच्या आयुष्याला मर्यादा नसल्याने हे रहाटगाडगे थांबतच नाही. रॅडिया पर्लमन या विदुषींनी १९८५ साली यावर स्पॅनिंग ट्री नावाची तोड काढली. स्विचांनी आपसांत ठरवून जादा वाट मिटून ठेवावी, पहिली तुटल्यास ती उघडावी. तोड उत्तम, परंतु पैसे मोजून घेतलेली दुसरी तार एरवी निजूनच राहणार.

दोन्ही तारा जाग्या ठेवून त्यांस एकच वाट मानण्याची युक्ती १९९० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातील ‘कल्पना’ या कंपनीने इथरचॅनेल या नावाने प्रचारात आणली. नाव आपल्याकडचे वाटते ते उगीच नव्हे. तिच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. १९९४ साली सिस्को कंपनीने ती विकत घेतली. पुढे जो तो कारखानदार आपापली रीत काढू लागला आणि एकाच्या पेटीस दुसऱ्याची भाषा कळेना. तेव्हा आय-ट्रिपल-ई या संस्थेने २००० साली ८०२.३एडी हे सर्वमान्य मानक ठरविले.

आता आमच्या आवडीचा भाग. कोणती फ्रेम कोणत्या तारेने जावी? आळीपाळीने पाठवू म्हटले तर एका पत्राची पाने दोन जासुदांकरवी धाडल्यासारखे होईल. दुसरे पान आधी पोहोचावयाचे. म्हणून एका संभाषणाच्या सर्व फ्रेमा एकाच तारेने जातात. पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या पत्त्यांवरून स्विच एक संख्या काढतो. साधी रीत म्हणजे तिला तारांच्या संख्येने भागावे. दोन तारा असतील तर बाकी शून्य उरली की पहिली, एक उरली की दुसरी. चौथीच्या मुलास कळेल असा हा भागाकार!

या व्यासपीठावरून मोळीची गोष्ट दरवर्षी सांगितली जाते. ती येथे नीट लागू पडत नाही. एक गिगाबिटच्या दोन तारा बांधल्या म्हणून एकट्या विद्यार्थ्याची एकच मोठी फाइल दुप्पट वेगाने उतरणार नाही. ती एका तारेच्या वेगानेच येईल. चाळीस मुले एकदम बसली म्हणजे मात्र त्यांची वर्दळ दोन्हींवर वाटली जाते, तीही अगदी निम्मी-निम्मी होईलच असे नाही. विक्रेता ‘दुप्पट वेग’ म्हणेल, त्यास हे विचारावे.

तार तुटल्यास काय? एल.ए.सी.पी. नावाच्या रीतीने दोन्ही स्विच ठरावीक काळाने एकमेकांस ‘आहे ना?’ असे विचारीत असतात. मंद चालीत तीस सेकंदांनी, जलद चालीत दर सेकंदास. ओळीने तीन वेळा हाक आली नाही की ती तार गटातून वगळली जाते. समूळ तुटलेली तार तर तत्काळ कळते आणि तिच्यावरील संभाषणे दुसरीवर वळतात. तार भलत्याच पेटीत खोचली गेली असेल तर तीही गटात घेतली जात नाही. कारागिराच्या वेळी नेमका हाच पहारा नव्हता. आपल्या सध्याच्या स्वस्त स्विचांस ही विद्या येत नाही, म्हणून ते दोन्ही बदलणे आले. नुसती तार घेऊन भागणार नाही.

बाहेरून वसतिगृहात येणारी इंटरनेटची तार मात्र एकच आहे. ती बंद पडली तर या दोन तारा काही करू शकणार नाहीत.

ठरावात आमची एक दुरुस्ती आहे. दुसरी तार जुन्याच चरातून नेण्याचे योजिले आहे, ते बदलावे. एकाच चरात दोन्ही घातल्या तर एकच कुदळ दोन्ही तोडील. ती विहिरीच्या बाजूने, कुंपणाच्या भिंतीलगत न्यावी. लांबी थोडी वाढेल, त्या वाढीव तारेचा खर्च आम्ही देऊ.