‘बरं आहे’ म्हणजे किती बरं?



‘कसं काय, बरं आहे ना?’ हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न. उत्तरही ठरलेलं : ‘बरं आहे.’ आमच्या घरातल्या दखनी बोलीत ‘शुकर है’ म्हणतात. अंगात ताप असला तरी आधी शुकर, मग ताप. या उत्तरात एक सभ्यता आहे, ऐकायला ते गोडही वाटतं. पण याच गोड उत्तरामुळे दुखण्याचा हिशेब कसा चुकतो, ते आज सांगायचं आहे. मी डॉक्टर नाही आणि अर्थतज्ज्ञही नाही. बी.ए. झालेला, शब्दांत रमणारा माणूस आहे. पण हा विषय जितका आकड्यांचा आहे तितकाच शब्दांचाही आहे.

आरोग्याचा हिशेब करायचा तरी कशाला? कारण सरकारच्या हातातला पैसा मोजका असतो. डायलिसिसची यंत्रं घ्यायची, कॅन्सरचं महागडं औषध द्यायचं, की गरोदर बायकांची तपासणी वाढवायची? काहीतरी आधी येणार आणि काहीतरी मागे राहणार. मग ते ठरवताना लोकांना कशाचं किती मोल वाटतं, हे विचारायला हवं.

रुपयांत विचारून पाहा. ‘गुडघेदुखी गेली तर किती पैसे द्याल?’ बंगलेवाला म्हणेल, लाख देतो. बिगारी म्हणेल, शंभर. म्हणून बिगाऱ्याचा गुडघा कमी दुखतो का? रुपयांत विचारलं की दुखणं मोजलं जात नाही, खिसा मोजला जातो.

म्हणून अभ्यासकांनी दुसरं चलन शोधलं : आयुष्याची वर्षं. ते विचारतात, ‘समजा, अमुक एका दुखण्यात तुम्हाला दहा वर्षं काढायची आहेत. त्याऐवजी कमी वर्षं मिळाली, पण ठणठणीत मिळाली, तर किती वर्षांवर पाणी सोडाल?’ एखादा म्हणाला, तीन. म्हणजे त्या दुखण्यातल्या आयुष्याला त्यानं पूर्ण आरोग्याच्या सात दशांश मोल दिलं. या प्रश्नात गरीब-श्रीमंत दोघांच्याही पदरात दहा-दहा वर्षंच असतात. कल्पनेतली का होईना, ही समानता मला भावली.

जगभर वापरली जाणारी ‘ईक्यू-फाइव्ह-डी’ नावाची एक प्रश्नावली आहे. तिच्यात पाचच गोष्टी विचारतात. चालता-फिरता येतं का? स्वतःचं स्वतः आवरता येतं का? रोजची कामं होतात का? काही दुखतंखुपतं का? चिंता, उदासी आहे का? या पाच उत्तरांतून माणसाच्या प्रकृतीचं चित्र उभं राहतं आणि त्या चित्राला मोल लावायला सामान्य लोकांना सांगतात. आपल्या देशात चंडीगडच्या पीजीआय या संस्थेतल्या संशोधकांनी पाच राज्यांतल्या ३,५४८ प्रौढांना असं विचारलं. त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. पाचांपैकी कशाचा भार लोकांना सगळ्यात जास्त वाटला? दुखण्याचा, वेदनेचा. आणि पाचही बाबतींत अगदी वाईट असलेली अवस्था? शून्य म्हणजे मरण धरलं, तर लोकांनी ती शून्याच्याही बरीच खाली ठेवली. ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असं आपण सहज म्हणतो, ते इथं आकड्यात उतरलं.

हे आकडे कपाटात पडून राहण्यासाठी नसतात. कोणत्या उपचारावर सरकारी पैसा घालावा, हे ताडून पाहणारी व्यवस्था केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात २०१७ पासून आहे. तेव्हा मोजमाप चुकलं, तर कुणाचा तरी उपचार मागे पडतो.

मोजमाप चुकतं कसं? अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याची गोष्ट ऐका. गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून अवयवरोपणाचा खर्च करायचा नाही, असं तिथं १९८७ मध्ये ठरलं. त्याच वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं आजारी असलेला सात वर्षांचा एक मुलगा गेला. घरचे लोक वर्गणी गोळा करत होते, ती पुरी पडली नाही. मोठा गहजब झाला. तेव्हा तिथल्या सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झहेबर हे स्वतः डॉक्टर. त्यांचं म्हणणं असं की, कुणाला वगळायचं हे ठरवण्यापेक्षा सगळ्या गरिबांना योजनेत घेऊ, आणि कोणते उपचार आधी हे उघडपणे, लोकांना विचारून ठरवू. १९८९ मध्ये तसा कायदा झाला. गावोगाव सभा झाल्या, हजारभर लोकांना फोनवरून विचारलं गेलं. १९९० मध्ये सोळाशेच्या वर उपचारांची यादी निघाली.

यादी पाहून लोकांनी कपाळाला हात लावला. दाताला टोपी बसवणं वर आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन खाली! ऑपरेशनशिवाय माणूस जीवानिशी जाऊ शकतो. दाताविना कुणी जात नाही. पण टोपी स्वस्त. एका ऑपरेशनच्या पैशात कितीतरी दात सुधारतात. बेरीज केली की दात जिंकले. गणित बरोबर होतं, पण आडात पडलेल्या माणसाला आधी बाहेर काढायचं असतं, हे आपलं शहाणपण त्या गणितात नव्हतं.

यादी दुरुस्त झाली, तरी १९९२ मध्ये केंद्र सरकारनं योजना नाकारली. कारण विचार करण्यासारखं आहे. फोनवर उत्तरं देणाऱ्यांत धडधाकट माणसंही होती. ‘चाकाच्या खुर्चीत जगणं कसं वाटेल?’ याचा त्यांनी अंदाज केला आणि भिऊन फार कमी मोल लावलं. अशानं अपंगांच्या आयुष्याची किंमतच कमी धरली जाते आणि ते अपंगांच्या हक्काच्या कायद्याविरुद्ध जातं, असा आक्षेप होता. पुन्हा बदल झाले आणि योजना १९९४ मध्ये सुरू झाली.

धडधाकट माणूस दुसऱ्याचं दुखणं वाढवून पाहतो, ही एक बाजू. दुसरी बाजू आपल्या घरातली आहे. इथं दुखणाऱ्यालाच आपलं दुखणं दिसत नाही.

बंगालच्या भीषण दुष्काळानंतर वर्षभरानं, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली. अमर्त्य सेन यांनी तिच्याकडे वारंवार लक्ष वेधलं आहे. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती जेमतेम आहे, असं सांगितलं. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या किती? अवघ्या अडीच टक्के. ‘प्रकृती जेमतेम’ असं तर एकाही विधवेनं म्हटलं नाही. एकीनंही नाही! दुष्काळातून वाचलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या त्या काळच्या विधवा काय सगळ्या ठणठणीत होत्या? आपली प्रकृती हा बोलण्याचा विषय आहे, असं त्यांना कधी कुणी वाटूच दिलं नव्हतं.

सेन यांनी २००२ साली केरळ आणि बिहारचंही उदाहरण दिलं होतं. आयुर्मान केरळात जास्त, तरी आजारी असल्याचं सांगणारेही तिथंच जास्त. बिहारात उलट. केरळातला माणूस शिकलेला, दवाखाना जवळ, म्हणून त्याला दुखण्याचं नाव कळतं. जिथं दवाखानाच नाही, तिथं ‘वयच झालं’ म्हणून माणूस दुखणं पदरात बांधतो.

आता आपल्याकडे या. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईला विचारा, ‘चालता येतं का?’ ती म्हणेल, येतं. न येऊन सांगते कुणाला? ‘रोजची कामं होतात का?’ होतात. कागदावर ती निरोगी. आपल्या ओव्यांनी, कथा-कवितांनी सोसणाऱ्या बाईला फार मोठं केलं, आणि त्या मोठेपणाखाली तिचं कंबरदुखणं झाकलं गेलं. जे सांगितलं जात नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात ओळ नसते.

मोजणाऱ्यांनी म्हणूनच बाईला एकटीला विचारावं. दारात बसलेल्या नवऱ्यानं तिचं उत्तर देऊ नये. जे ते दुखणं जगतात, त्यांना तर विचारावंच. आणि आपणही एवढं करावं. आशाताई वही घेऊन दारात येतात, तेव्हा ‘सगळं ठीक’ म्हणून त्यांना वाटेला लावू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, आईला, बायकोला नुसतं ‘बरं आहे ना?’ असं विचारू नये. त्या प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं. विचारावं : कुठं दुखतं? कधीपासून? आणि त्या दुखण्यापायी तू काय काय करायचं सोडून दिलंस?

हा तिसरा प्रश्न विचारून थोडा वेळ थांबावं लागतं. उत्तर यायला उशीर लागतो.