रस्त्याकडेची कळलावी



ऑगस्टमधली सकाळ होती. ताम्हिणी घाटातून कोकणात उतरत होतो, पाऊस नुकताच थांबला होता. एका वळणावर करवंदीच्या जाळीत काहीतरी पेटल्यासारखं दिसलं. पुढे मोकळी जागा पाहून गाडी उभी केली आणि चालत मागे आलो. कळलावी फुलली होती.

कुणी तिला अग्निशिखा म्हणतं, कुणी गौरीचे हात. कळलावी ही आपली रानातली लिली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी आता तिचं कुळ वेगळं केलं असलं, तरी नातं लिलीचंच. तिला आधाराला वेगळे तणावे फुटत नाहीत. पानाचं टोकच लांबून वळतं आणि शेजारच्या काटकीला विळखा घालतं. फोटो काढायला गेलात तर आधी हे टोक पाहा. माझ्या मते फुलाइतकंच ते देखणं आहे.

फूल खाली मान घालतं, पण त्याच्या सहा पाकळ्या उलट्या फिरून वर जातात. पाकळ्यांच्या कडा लाटांसारख्या. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात आणि त्यांच्यामधून निघालेली परागवाहिनी काटकोनात वळून बाजूला जाते. त्यामुळे तिचं टोक स्वतःच्याच परागांपासून दूर राहतं. उभ्यानं, वरून फोटो काढला तर यातलं काहीच दिसत नाही. गुडघे टेकून फुलाच्या पातळीवर या आणि बाजूनं टिपा.

लाल रंगापुढे कॅमेरा फसतो. शिरा, सुरकुत्या पुसल्या जातात आणि नुसता लाल डाग उरतो. मोबाइल असेल तर पडद्यावर फुलावर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा. ढगाळ हवा याला उत्तम, भर उन्हात घाई करू नका. ट्रक गेला की वेल हलते, ती स्थिर होईपर्यंत थांबा. रस्त्याकडे पाठ करून मात्र उभे राहू नका.

त्या दिवशी मी पहिले दहा-बारा फोटो एकाच फुलाचे काढले. मग दोन पावलं मागे सरलो आणि माझी चूक लक्षात आली. कळलावीचं फूल उमलतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं, पुढच्या काही दिवसांत केशरी आणि मग लालभडक होतं. वेलीवर खालची फुलं आधी उमलतात. म्हणजे खाली लाल, मधे केशरी, वर पिवळं आणि शेंड्याला हिरव्या कळ्या. एका फुलाचं सगळं आयुष्य वेलीवर एकाच वेळी मांडलेलं! ते जवळच्या फोटोत मावत नाही. म्हणून एक फोटो तरी पूर्ण वेलीचा काढा, करवंदीसकट.

वेल घरी नेण्याचा मोह होतो. तो टाळा. हिच्या सर्वांगात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. त्याचंच मोजून-मापून केलेलं औषध डॉक्टर गाउटच्या दुखण्यावर देतात. पण रताळं समजून कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात हिचं नाव लांगली. पूर्वी प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी हा कंद वापरत, त्यावरून कळलावी. औषधासाठी खणून नेल्यानं रानातली कळलावी कमी होत गेली आहे. तमिळनाडूनं तिला राज्यफूल मानलं आहे, तिथे बियांसाठी तिची शेतीही होते. आपल्याकडे ती उरली आहे ती अशा जाळ्यांत, बांधांवर, रस्त्याच्या कडेला. रुंदीकरणात पहिला घाव याच कडेवर पडतो.

तेव्हा फूल तोडू नका, कंद उकरू नका. फोटोबरोबर तारीख आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून ठेवा. पावसाळा सरला की वेल वाळून जाते, कंद मात्र जमिनीत जिवंत असतो. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच दगडापाशी पुन्हा थांबा.