हळर्णचे नाव आणि तीन पेद्रू

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून तो मे 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. मोहिमेचा सूत्रधार होता विजरई दों पेद्रू मिगेल द आल्मैदा. याबद्दल 1748 मध्ये त्याची पदवी बदलून ‘आलोर्नाचा’, म्हणजे हळर्णचा, ‘मार्केझ’ अशी झाली. पेडण्यातल्या एका गावाचे नाव असे लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटले.

या घराण्यात पेद्रू द आल्मैदा हे नाव पुन्हापुन्हा येते, त्यामुळे माणसांची गल्लत सहज होते. पहिला पेद्रू हा विजेत्याचा आजोबा, आसुमारचा पहिला काउंट. तोही विजरई होता, 1677 ते 1678 या अल्पकाळात. दुसरा हळर्णवाला, 1744 ते 1750 या काळातला विजरई. त्याआधी तो ब्राझीलमध्ये साओ पावलो व मिनास प्रांताचा गव्हर्नर होता. तिथले 1720 चे बंड त्याने कठोरपणे, खरे तर निर्दयपणे मोडले.

तिसरा पेद्रू जुझे, विजेत्याचा नातू व तिसरा मार्केझ. नेपोलियनच्या सैन्यातल्या पोर्तुगीज पलटणींचे नेतृत्व करून रशियाच्या मोहिमेनंतर तो 1813 मध्ये क्योनिग्सबर्गला वारला. त्याची बहीण लिओनोर पुढे चौथी मार्केझा झाली. ती पोर्तुगीज साहित्यातली मान्यवर कवयित्री. तिथे आलोर्ना म्हटले की प्रथम तीच आठवते.

हळर्ण 1746 मध्ये जिंकले असले, तरी पेडणे महाल पोर्तुगीजांकडे कायमचा आला तो मात्र 1788 मध्ये.